मनमाडला गाडी बदलायची

आज छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवर गाडीत बसलं की थेट मुंबईला उतरता येतं. आपल्या आज्यांना हे जमत नव्हतं. त्यांना मनमाडला उतरावंच लागे. का, ते आज आपण पाहणार आहोत.

बैलगाडीची चाकोरी जशी ठरलेली असते, तशी रेल्वेचीही असते. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. आपल्याकडे तीन गेज होते. ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, मीटरगेज एक मीटरचा, म्हणजे साधारण सव्वातीन फुटांचा आणि नॅरोगेज अडीच फुटांचा. एका रुळाची गाडी दुसऱ्यावर चालत नाही. माणसांनी उतरायचं आणि मालही उतरवायचा.

मनमाडवरून मुंबई-भुसावळ ही मोठी लाईन आधीच होती. १८७८ साली मनमाड ते दौंड हा मोठा रूळही झाला. पण १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडपर्यंत जी लाईन आली, ती मीटरगेज होती. छोट्या रुळाला खर्च कमी येई. पूल लहान, भराव अरुंद. बांधताना पैसे वाचले खरे, पण त्याची भरपाई पुढं नव्वद वर्षं प्रवाशांनी आणि हमालांनी केली.

त्या काळी औरंगाबादहून पंढरपूरला रेल्वेनं निघालेली बाई डोळ्यांसमोर आणा. मनमाडपर्यंत छोटी लाईन. तिथं उतरून मोठ्या लाईनीनं दौंड, मग कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला पुन्हा उतरायचं, कारण पुढं पंढरपूरपर्यंत बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटांची गाडी. एका वारीत तीन प्रकारचे रूळ! डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, हाताशी म्हातारी सासू. गाडी चुकली तर फलाटावरच मुक्काम.

मग वाट निवडायची कशी? एक साधी युक्ती सांगतो. नकाशावर मनमाड एकच दिसतं; आपण ती दोन गावं समजायची. एक छोट्या रुळाचं मनमाड, दुसरं मोठ्या रुळाचं. या दोन गावांमध्येही एक वाट आहे. ती काही पावलांचीच, पण तिला कधी चार तास लागतात, कधी अख्खी रात्र. तो वेळही हिशेबात धरायचा.

औरंगाबादहून अकोल्याला कापसाच्या गाठी पाठवायच्या आहेत असं धरू. एक वाट मनमाड-भुसावळवरून, दुसरी परभणी, पूर्णा, हिंगोली, वाशीम करत. समजा पहिलीला ८ तास लागतात, दुसरीला १०. पहिली जवळची वाटते. पण मनमाडला गाठी उतरवून पुन्हा चढवायला ४ तास धरले, की ती १२ तासांची होते. दुसऱ्या वाटेवर अकोल्यापर्यंत सगळा मीटरगेजच होता. डबा एकदा भरला की थेट अकोल्याला उघडायचा.

ही अडचण दूर व्हावी म्हणून मराठवाडा झगडला. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात ब्रॉडगेजची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ती लावून धरली. १९९०च्या दशकात मनमाडपासून इकडचा रूळ मोठा झाला.

पण गंमत बघा. मनमाड ते पूर्णा रूळ मोठा झाला, तरी पूर्णा ते अकोला छोटाच राहिला. तो मोठा व्हायला २००८ साल उजाडलं. म्हणजे मधल्या वर्षांत मनमाडची अडचण सुटली आणि तीच पूर्णेला जाऊन बसली. जी वाट बिनबदलाची होती ती बदलाची झाली, आणि बदलाची होती ती सरळ झाली. एका ठिकाणचा रूळ बदलला, की सगळाच हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

वेळापत्रकात किलोमीटर असतात, वेळ असते. बोचकं डोक्यावर घेऊन जिना चढण्याचा रकाना त्यात नसतो. तो भार बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो, म्हणून तो आपणच मोजायला हवा.

गेजचा प्रश्न आता मागं पडला. पण गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्याला जाताना आजही दोन-तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते. पुढच्या बैठकीत गटानं एक काम करावं. बाळंतीण, म्हातारी माणसं आणि शाळेच्या मुली कुठं कुठं उतरतात, कुठं किती थांबतात, ते एका कागदावर मांडावं. सगळ्यात जास्त वेळ जिथं जातो, तिथं खूण करावी. एसटीच्या वेळेसाठी ग्रामसभेत अर्ज द्यायचा असेल, तर तो कागद जोडावा. “आमचं गाव लांब आहे” एवढंच सांगण्यापेक्षा “आम्हाला इथं तीन तास थांबावं लागतं” हे सांगितलं, तर काय बदलायचं ते समोरच्याला नेमकं कळतं.