व्याघ्र राखीव क्षेत्रांचे व्यवस्थापन-मूल्यमापन

वाघ व त्याचा अधिवास यांच्या रक्षणासाठी राखून ठेवलेल्या वनप्रदेशाचे व्यवस्थापन आपल्या उद्दिष्टांच्या दृष्टीने कितपत परिणामकारक ठरले, याची ठराविक निकषांनुसार केलेली तपासणी. वाघांची मोजणी हा या तपासणीचा एक आधार असला, तरी मोजणी म्हणजे मूल्यमापन नव्हे. हा भेद भारतात पुरता ध्यानी येण्यास सु. तीन दशके लागली आणि त्याची किंमत राजस्थानातील सरिस्काच्या अरण्याला मोजावी लागली.

पार्श्वभूमी : १९७२ च्या देशव्यापी गणनेत भारतात १,८२७ वाघ असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी वन्य जीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला व १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पास प्रारंभ झाला. कॉर्बेट, कान्हा, मानस, पलामू, रणथंभोर, सिमलीपाल, सुंदरबन, बंदीपूर व महाराष्ट्रातील मेळघाट ही पहिली नऊ क्षेत्रे होत. चराई, वृक्षतोड व वणवे यांस आळा घातल्यास वनस्पती, तृणभक्षक प्राणी व त्यांवर जगणारा वाघ ही सर्व साखळी सावरेल, अशी यामागील भूमिका होती.

प्रकल्पाचे यश मात्र मुख्यतः वाघांच्या संख्येवरून ठरविले जाई. ही संख्या पावलांच्या ठशांवरून काढीत. वनरक्षक ठशावर काच धरून त्याची आकृती गिरवीत व आकृतींच्या तुलनेवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, असे गृहीत धरले जाई. वस्तुतः एकाच वाघाचा ठसा वाळूत, चिखलात व कठीण जमिनीवर निरनिराळा उमटतो. शिवाय ज्यांच्या कामाची परीक्षा व्हावयाची, त्यांच्याच हाती मोजणी होती. वाढता आकडा हे उत्तम व्यवस्थापनाचे लक्षण ठरल्यामुळे घट नोंदविणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. १९९० नंतरच्या दशकात उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची व संख्याशास्त्रीय रीतीने त्यांची घनता काढण्याची पद्धत अवलंबिली. तथापि शासकीय गणनेत ठशांचीच पद्धत चालू राहिली.

सरिस्का : अलवर जिल्ह्यातील अरवलीच्या रांगांमधील या क्षेत्रात २००४ च्या शासकीय गणनेप्रमाणे १६ ते १८ वाघ होते. मार्च २००५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या पाहणीत तेथे एकही वाघ आढळला नाही. चोरट्या शिकारीने ते नष्ट झाल्याचे नंतरच्या चौकशीतून पुढे आले. एप्रिल २००५ मध्ये केंद्र शासनाने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. पुण्याचे परिस्थितिवैज्ञानिक माधव गाडगीळ हे त्याचे एक सदस्य होते. गणनेची पद्धत बदलावी, क्षेत्रांची तपासणी स्वतंत्र व्यक्तींकडून व्हावी आणि वनांतील रहिवाशांना संरक्षणात सहभागी करून घ्यावे, अशी दिशा या दलाच्या अहवालाने दाखविली. २००६ च्या कायदादुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. जून २००८ मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सरिस्कात वाघांचे पुनर्वसन सुरू करण्यात आले.

मूल्यमापनाची चौकट : आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००० मध्ये मांडलेली चौकट भारतात स्वीकारण्यात आली. तीत सहा अंगांचा विचार होतो : क्षेत्राचे महत्त्व व त्यास असलेले धोके, नियोजन, मनुष्यबळ व निधी, कार्यपद्धती, प्रत्यक्ष झालेली कामे व अंतिम फलित. यामुळे ‘वाघ किती’ या प्रश्नाबरोबरच वनरक्षकांची पदे भरली आहेत काय, निधी वेळेवर पोहोचतो काय, गाभा क्षेत्रातील गावांचे स्थलांतर संमतीने होते काय, हेही प्रश्न विचारले जाऊ लागले. मेळघाटासारख्या कोरकूंची वस्ती असलेल्या क्षेत्रात शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. गुणांनुसार क्षेत्रांची प्रतवारी लावली जाते. पहिले मूल्यमापन २८ क्षेत्रांचे झाले, तर २०२२ च्या पाचव्या फेरीत ५१ क्षेत्रे होती. गुणांची सरासरी २०१८ मध्ये सु. ७० टक्के, तर २०२२ मध्ये सु. ७८ टक्के होती. २०२१ मध्ये देशातील १४ क्षेत्रांना व्याघ्रसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मान्यता मिळाली. त्यांत महाराष्ट्रातील पेंचचा समावेश आहे.

मर्यादा : मूल्यमापन सुरू झाल्यानंतरही २००९ मध्ये मध्य प्रदेशातील पन्ना हे क्षेत्र व्याघ्रहीन झाल्याचे उघड झाले. काही वर्षांच्या अंतराने होणारी तपासणी ही रोजच्या गस्तीची जागा घेऊ शकत नाही, हे यावरून दिसून आले. पन्नात त्याच वर्षी अन्य क्षेत्रांतून वाघ आणण्यात आले व २०१० मध्ये तेथे बछडे जन्मले. २०१८ च्या गणनेत बक्सा, डम्पा व पलामू येथे एकाही वाघाची नोंद झाली नाही. यांपैकी पलामू हे मूळच्या नऊ क्षेत्रांतील होय. याउलट, वाघ विपुल असलेल्या क्षेत्रातही रस्ते, खाणी किंवा अनिर्बंध पर्यटन यांमुळे अधिवास खंडित होत असल्यास केवळ संख्येवर विसंबता येत नाही. म्हणून गणना व गुणांकन यांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. तपासणी करणारे व्यवस्थापनाहून स्वतंत्र असणे आणि प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध होणे, या दोन अटी पाळल्या गेल्या तरच अशा मूल्यमापनास अर्थ राहतो.