रिकाम्या जलपात्राचे दिवस

सन १८४९ मध्ये लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमधील रसायनशाळेत कामावर असलेल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनवेत्त्याने बारा गॅलनांच्या एका पात्रात तळाशी वाळू व चिखल पसरून, त्यावर चुनखडीचे ओबडधोबड तुकडे रचून, व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले, तेव्हा प्राणिसृष्टी व वनस्पतिसृष्टी यांच्या देवघेवीचा हिशेब आपण ताडून पाहत आहो, अशी त्याची धारणा होती. काही दिवसांनी पाने कुजली, पाणी गढुळले. म्हणून त्याने पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पात्र निवळले, आणि १८५० साली, ज्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेत त्याचा स्वतःचा पुढाकार होता तिच्यापुढे, त्याने या प्रयोगाची हकीकत मांडली. पुढे १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाच्या ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला, आणि काचेची पात्रे इंग्रजांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली.

या यशाचे सारे श्रेय वनस्पती आणि गोगलगायी यांच्या खाती जमा झाले. मला मात्र त्या हकिकतीतील चिखल व चुनखडी हीच खरी महत्त्वाची वाटतात. कारण माशाच्या कल्ल्यांवाटे सतत बाहेर पडणारा अमोनिया, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याने स्फटिकासारखे स्वच्छ पाणीही विषारी होते, त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू चिखलातूनच त्या पात्रात आले असले पाहिजेत, आणि त्यांच्या कामात जे आम्ल उत्पन्न होते त्याचे शमन चुनखडी करीत राहिली असली पाहिजे.

हे रहस्य उलगडण्यास सुरुवात झाली ती मत्स्यपात्रात नव्हे, सांडपाण्यात. १८७७ साली श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सांडपाणी ठिबकवले. वीस दिवस काहीच घडले नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली उतरला; नंतर एकाएकी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ दिली तेव्हा ते थांबले, आणि ताज्या मातीचे धुवण घातले तेव्हा पुन्हा सुरू झाले. काम करणारे कोणी सजीव होते, हे यावरून सिद्ध झाले.

ही वार्ता ऐकून रॉथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात ज्याने हा विषय पुढे चालविला, त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. तो त्या सोनमासेवाल्याचा पुत्र. पित्याने वनस्पतींवर, म्हणजे उजेडावर भिस्त ठेवली होती. पुत्राला आढळले की हे जिवाणू अंधारातच अधिक चांगले काम करतात. अमोनियाचे नायट्राइट करणारे निराळे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे निराळे, हेही त्याने ओळखले. पण वर्षानुवर्षे खपूनही त्यांना शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्याला साधले नाही. ते श्रेय १८९० मध्ये झुरिक येथे विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला मिळाले. पिता १८६७ सालीच निवर्तला होता. आपल्या पात्रात काय घडले होते, हे त्याला कळावयाचे राहून गेले, याची हुरहूर मला ही हकीकत वाचताना दर वेळी लागते.

हेच जिवाणू आधी वसावेत म्हणून माझ्या नव्या काचपेटीत गेल्या पावसाळ्यात मासा नव्हता. रोज अमोनियाचे मोजके थेंब, क्लोरीन काढलेले पाणी, आणि एका मित्राच्या जुन्या पेटीतील गाळणीचा काळपट स्पंज, विरजण म्हणून. अमोनियाच्या परीक्षानळीतील पिवळा रंग आधी हिरवा झाला. मग नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी झाली आणि बरेच दिवस तशीच राहिली. पाचव्या आठवड्यात एके सकाळी पहिली पुन्हा पिवळी, दुसरी पुन्हा निळी, आणि नायट्रेटची नळी नारिंगी निघाली. जुन्या भिंतींच्या खारवट मातीतून ज्याचा सोरा निघे आणि जो दारूखान्यात रुजू होई, तेच हे नायट्रेट. निम्मे पाणी बदलले, आणि त्या संध्याकाळी दोनच मासे सोडले.