तेलीबांध्याची छोटी लाइन आणि सालाची तोड

रायपूरहून निघालेली, अडीच फूट अंतराच्या रुळांवरची रेल्वे तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, कुरूद अशी स्थानके घेत धमतरीला पोचत असे. बंगाल-नागपूर रेल्वेने हा फाटा 1900 साली सुरू केला. रायपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले. लोक या गाडीला छोटी लाइन म्हणत. तेलीबांधा म्हणजे तेव्हा शहराबाहेरचे गाव आणि त्याचा तलाव. धमतरीच्या पलीकडे, महानदीच्या उगमाकडच्या नगरी-सिहावा भागात साल वृक्षांचे दाट जंगल होते, आणि रेल्वेला सालाची गरज होती.

ही गरज स्लीपरची. मुख्यतः सागवान, देवदार आणि साल यांचेच स्लीपर भारतीय उन्हापावसात आणि वाळवीपुढे टिकत. मोठ्या लाइनच्या (ब्रॉडगेज) रुळांखालचा स्लीपर 2.75 मीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि 13 सेंटिमीटर जाड असे. सालाचा असला तर त्याचे वजन 70 किलोच्या घरात जाई. छोट्या लाइनचा स्लीपर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. लाकूड कुजले की बदली स्लीपर लागे. त्यामुळे रूळ टाकून झाले तरी जंगलाची तोड थांबत नसे.

झाड पाडण्याचे काम कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढायची करवत यांवर चाले. ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला आधी कुऱ्हाडीने खाच घेत, मग मागून करवत लावत. करवत खाचेपर्यंत नेत नसत. मध्ये लाकडाची एक पट्टी अखंड ठेवत. झाड त्या पट्टीवर दाराच्या बिजागरीसारखे वळून खाचेच्या दिशेला पडे. कापात करवत अडकू नये म्हणून मागून पाचर ठोकत. पाडलेल्या ओंडक्याचे स्लीपर जंगलातच चिरले जात. एक माणूस वर, एक खाली, आणि मध्ये उभी करवत. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत.

हे कष्ट करणाऱ्यांच्या वाट्याला काय येई, ते जानेवारी 1922 मधल्या नगरी-सिहावाच्या जंगल सत्याग्रहातून कळते. जंगल खात्याची बेगार, तुटपुंजी मजुरी आणि सरपणावरची बंदी या तक्रारींवरून तिथल्या आदिवासींनी श्यामलाल सोम यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलात लाकूड तोडून कायदा मोडला. धमतरीचे नारायणराव मेघावाले हे मराठी पुढारी या लढ्यांत होते. 1930 साली रुद्री-नवागाव येथे पुन्हा सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्याच वर्षी पुसदला बापूजी अणे यांनी, तर कुलाबा जिल्ह्यात चिरनेरच्या लोकांनी जंगल कायदा मोडला. छत्तीसगड, वऱ्हाड आणि कोकण यांचे जंगलाचे दुखणे एकच होते.

नगरीकडचे लाकूड बाहेर काढण्यासाठी वन खात्याने कुरूदच्या बाजूने जंगलात ट्राम-मार्ग टाकला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो उखडला गेला.

या महायुद्धाआधीच युरोपात यंत्रावर चालणारी साखळी करवत घडत होती. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली विजेवर चालणारी आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. ती उचलायला दोन माणसे लागत. 1947 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनचे जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणारी अळी जबडा कसा फिरवते हे पाहून साखळीच्या दातांना नवा आकार दिला. आजच्या साखळ्या त्याच घडणीच्या आहेत. 1950 च्या सुमारास एकाच माणसाला पेलणारी करवत मिळू लागली. हँडलमधला कंप कमी करणारी रचना आणि साखळी थांबवणारा ब्रेक त्यानंतरचे. या दोन सुधारणांना उशीर झाला, आणि मधल्या काळात सततच्या कंपाने अनेक लाकूडतोड्यांची बोटे पांढरी पडून बधिर झाली.

यंत्र आले तरी खाच, बिजागरी आणि पाचर यांचे शास्त्र तेच राहिले. खाच बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल घेतात, बिजागरी दहाव्या भागाइतकी ठेवतात. पूर्वी करवत हळू चाले, त्यामुळे झाड करकरू लागले की बाजूला व्हायला सवड मिळे. आता काप काही क्षणांत पुरा होतो. म्हणून मागे तिरकी निघायची वाट आधीच साफ करतात आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसऱ्या कोणाला उभे राहू देत नाहीत. साल मात्र इथे फसवतो. तो जड असतो, आणि म्हाताऱ्या झाडाचा गाभा आतून कुजलेला असू शकतो. अशा झाडाची बिजागरी ऐनवेळी धरत नाही. तोडीआधी बुंधा ठोकून त्याचा आवाज ऐकणे यासाठी महत्त्वाचे आहे.

यंत्राचा स्वतःचा धोका पात्याच्या टोकाशी आहे. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. त्यामुळे ती दोन्ही हातांनी, अंगठा हँडलभोवती वळवून धरतात, खांद्याच्या वर नेत नाहीत आणि जमिनीवर टेकवूनच सुरू करतात. हेल्मेट, जाळी, कानांचे संरक्षक आणि खास विजार हवीच. त्या विजारीतले लांब धागे साखळीत गुंतून तिला अडवतात. आपल्याकडे ठेकेदाराचे मजूर साध्या पँटीत आणि चपलेत ही करवत चालवताना दिसतात, आणि हे बदलायलाच हवे.

तोडीलाच शेवटी मर्यादा आली. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी जंगलतोड थांबवली. रेल्वेही काँक्रीटच्या स्लीपरकडे वळली होती. तेलीबांध्यावरून जाणारा रायपूर-केंद्री तुकडा 2017 मध्ये बंद झाला आणि त्याच्या पट्ट्यावर द्रुतगती रस्ता आला.