बीव्हरची टोपी आणि आपला शालू



फरचे कोट आपल्या घरांत कधी आले नाहीत, म्हणून हा विषय आपला नाही असे मलाही वाटायचे. पण कॅनडातल्या बीव्हरची हकीकत वाचत गेले आणि ती थेट माझ्या कपाटापाशी येऊन थांबली.

बीव्हर म्हणजे ओढ्यावर लाकडांचे बांध घालणारा पंचेंद्रिय जीव. त्याच्या आतल्या मऊ केसांना अगदी बारीक आकडे असतात. ते एकमेकांत गुंतले की घट्ट नमदा होतो, पावसातही आकार न सोडणारा. युरोपातल्या प्रतिष्ठितांच्या टोप्या याच नमद्याच्या. तिकडचे बीव्हर जवळजवळ संपले, तशी व्यापाऱ्यांची नजर उत्तर अमेरिकेकडे गेली. १६७० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली. पुढे तिथे बीव्हरचे कातडे हेच चलन झाले. किटली, घोंगडी, बंदूक, सगळ्यांची किंमत कातड्यांत!

तिथले क्री लोक बीव्हर आधीही मारत, त्याचे मांस खात, कातडे पांघरत. मला ती हिंसाच वाटते. पण त्या थंडीत जगण्यापुरते मारणे आणि लंडनच्या बाजारासाठी मारणे, दोन्ही एका तराजूत घालायला मन धजत नाही. गंमत म्हणजे, माणसांनी वर्षभर अंगावर वापरलेल्या कातड्याला जास्त भाव असे, कारण वरचे राठ केस झिजून गेलेले असत. टोप्या करणाऱ्या कारागिरांना मात्र पाऱ्याची बाधा होई, हात थरथरत.

आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना असे तीन प्रकार सांगितलेत. लंडनमध्ये टोपी मिरवणाऱ्याने सापळा कधी पाहिलाही नसेल.

मग १८३०-४० च्या सुमारास रेशमी टोपीची फॅशन आली आणि बीव्हरची मागणी घसरली. तोवर कित्येक भागांतून तो नाहीसा झाला होता. उरलेल्यांना थोडी उसंत मिळाली, तीही करुणेमुळे नव्हे. आणि रेशीम कसले? आतल्या जिवासकट कोश उकळूनच काढलेले.

माझा लग्नातला शालू अजून मलमलीत गुंडाळून ठेवला आहे. देवळात तो नेसणे मी सोडले. पण लेकीच्या लग्नाला काय घ्यायचे, यावर घरात एकमत नाही. सासूबाई म्हणतात, शालूशिवाय लग्न कसले? लेक म्हणते, आई, मला सुती चालेल.