बोल्टच्या डोक्यावरचा 'एफ'

महायुद्धातली जुनी जीप दुरुस्तीला घेतली की पहिला प्रश्न येतो, ही विलिस की फोर्ड? उत्तराचा एक धागा बोल्टच्या डोक्यावर सापडतो.

१९४१ साली अमेरिकी सैन्याने विलिस-ओव्हरलँड कंपनीची जीप पसंत केली. एका कारखान्याने मागणी भागेना, म्हणून वर्षअखेरीस फोर्डलाही त्याच जीपचं कंत्राट मिळालं. अट एकच होती, दोघांचे सुटे भाग एकमेकांच्या गाडीला बसले पाहिजेत. १९४५पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. फोर्डने मात्र आपल्या असंख्य भागांवर वळणदार 'एफ' उमटवला, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा.

यातल्या बऱ्याच जीप आपल्याकडे आल्या. आसामातल्या लेडोहून १२ जानेवारी १९४५ला निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला, तो याच काळातला. युद्ध संपल्यावर कित्येक गाड्या इथेच राहिल्या.

आज हौशी मंडळी 'शुद्ध' फोर्ड उभी करण्यासाठी 'एफ' नसलेला प्रत्येक बोल्ट फेकतात आणि 'एफ' उमटवलेले नवे बोल्ट मागवतात. मला हे पटत नाही. भाग अदलाबदलीचे केले ते कशासाठी? आघाडीवरच्या वर्कशॉपने हाताला येईल तो बोल्ट लावावा आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी, यासाठीच. त्यामुळे विलिसच्या अंगावरचा 'एफ' म्हणजे भेसळ नव्हे, ती त्या जीपची सर्व्हिस बुक आहे. गाडी कोणाची हे ठरवायचं तर आधी चासी पाहा. रेडिएटरखालचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये तसा नसतो.

मूळ बोल्ट ओळखायला खुणेइतकेच आटे महत्त्वाचे. आपल्या देशात ब्रिटिश, अमेरिकी आणि मेट्रिक असे तिन्ही आटे नांदले. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, तर अमेरिकी जाड आट्याच्या बोल्टला १३. तो फरक लगेच कळतो. पण तीन अष्टमांश इंचाला दोन्हीकडे १६च आटे. नट चढतो, फसगत होते. ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकी आट्याचा ६०, म्हणून पकड खरी बसत नाही. थ्रेड गेज लावूनच खात्री करावी. डोक्यावर ८.८ दिसलं, तर तो मेट्रिक बोल्ट नंतर कोणीतरी घातलेला समजावा.

खोलताना घाई नको. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, ते सैल करायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस जोर लावतो आणि स्टड मोडतो. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री तेल पाजावं. काढलेला बोल्ट जागेचं नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावा. साफ करायला हलका तारेचा ब्रश पुरतो, ग्राइंडर लावला तर गंजाबरोबर 'एफ'ही जातो. आटे सरळ करायला चेझर वापरावा, कारण डाय उरलेलं लोखंडही कापतो.

मग नवा नट बोटांनी फिरवून पाहावा. मधेच अडला, दांडा बारीक झालेला दिसला किंवा डोक्याखाली गंजाचे खड्डे असले, तर तो बोल्ट निवृत्त. स्टिअरिंग, ब्रेक, पाट्याचे यू-बोल्ट आणि कनेक्टिंग रॉड इथे तर भावनेला जागाच नाही, योग्य ताकदीचे नवे बोल्ट घालावेत. बंपर, मडगार्ड, काचेची चौकट इथे जुने खुशाल लावावेत.

गाडीत माणसं बसणार आहेत, हे आधी. इतिहास त्यानंतर. काढलेले 'एफ' मात्र भंगारात देऊ नका. डबीत, जागेच्या नावासह, गाडीच्या कागदपत्रांजवळ ठेवा.