आठाच्या नियमाबाहेरचा परका

शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र बरंचसं विसरलो, पण आठाचा नियम डोक्यात पक्का आहे. सोडिअमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले. क्लोरिनचे १७ म्हणजे २, ८, ७. एकाचा शेवटचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो, दुसऱ्याला एकच कमी पडतो. देवाणघेवाण झाली की दोघांचं अष्टक पूर्ण, आणि आपल्या ताटात मीठ! आर्गॉनचं मात्र २, ८, ८ हे अष्टक आधीच पूर्ण, म्हणून तो कुणाशीच संयोग करत नाही. एवढं लिहिलं की पूर्ण मार्क. मीही ते मिळवले.

त्या उत्तरात एक चूक दडलेली होती, आणि ती उघड व्हायला १९६२ साल उजाडावं लागलं.

१८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांना हवेत एक नवा वायू सापडला. तो कशाशीच अभिक्रिया करेना, म्हणून नाव पडलं आर्गॉन, ग्रीक भाषेत आळशी. फ्लुओरिन हे सगळ्यात आक्रमक मूलद्रव्य. ते प्रथम वेगळं करणाऱ्या मॉयसाँने १८९५ मध्ये आर्गॉनवर फ्लुओरिन सोडून पाहिला. काहीच घडलं नाही. १८९८ मध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधले. झेनॉन म्हणजे परका. हेही तसेच थंड.

१९१६ मध्ये जर्मनीत कोसेल आणि अमेरिकेत लुईस यांनी कारण सांगितलं: बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असले की अणू स्थिर. स्पष्टीकरण इतकं नेटकं होतं की 'अभिक्रिया होताना दिसत नाही' याचं हळूहळू 'होऊच शकत नाही' असं झालं.

लायनस पॉलिंगला ते पटलं नव्हतं. झेनॉनची फ्लुओरिनशी संयुगं व्हायला हवीत, असं त्याने १९३३ मध्ये मांडलं. कॅलटेकमध्ये योस्ट आणि के यांनी प्रयोगही केला, पण हाती काही लागलं नाही. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

मग आला नील बार्टलेट, वय २९, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हा लालभडक वायू चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यासाठी सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एक तक्ता पाहताना त्याला दिसलं, की झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायलाही जवळपास तेवढीच लागते. मग झेनॉन का नाही?

२३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. बार्टलेट प्रयोगशाळेत एकटाच होता. त्याने दोन वायूंमधला काचेचा पडदा फोडला. लाल वायू आणि रंगहीन झेनॉन मिसळले आणि क्षणात पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. कुणाला तरी दाखवायला तो बाहेर धावला, तर सगळे जेवायला गेलेले!

आठाच्या नियमात गडबड कुठे होती? आपण फक्त इलेक्ट्रॉन मोजत होतो, ते किती घट्ट धरलेले आहेत हे पाहत नव्हतो. झेनॉनचे ५४ इलेक्ट्रॉन २, ८, १८, १८, ८ असे असतात. बाहेरचे आठ पाचव्या कवचात, केंद्रकापासून लांब, आणि मध्ये आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा. त्यामुळे पकड सैल. पहिला इलेक्ट्रॉन काढायला हेलिअमला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, निऑनला २१.६, आर्गॉनला १५.८, क्रिप्टॉनला १४.० आणि झेनॉनला फक्त १२.१. म्हणजे 'निष्क्रिय' आणि 'सक्रिय' असे दोन कप्पे नाहीतच, एक उतार आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लुओरिन एकत्र ठेवून ४०० अंश सेल्सिअसला नुसते तापवले. झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. बार्टलेटचा तो पदार्थ मात्र त्याला वाटला तितका साधा नव्हता. ते मिश्रण असल्याचं पुढे दिसलं. पण दार उघडलं होतं.

आमच्या कोडमध्येही 'ही केस येणारच नाही' अशा कमेंट असतात. अशी एखादी दिसली की मी आता विचारतो, हे कुणी तपासलंय की नुसतं मानलंय? बार्टलेटला तक्त्यात दिसलेला १२.१ हा आकडा इतरांनाही दिसत होताच.