राज्यसभेतील ते एक मत

भगिनींनो, महिला आरक्षणाविरुद्ध एकट्याने मत देणारा खासदार म्हणजे बायकांचा वैरी, असे आपण चटकन म्हणून मोकळ्या होतो. मला मात्र तसे म्हणवत नाही.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत केले. त्याआधीचा गोंधळ, फाडलेले कागद, सात सभासदांचे निलंबन, ते सारे सोडून देऊ. ते एक मत महाराष्ट्राच्याच शरद जोशी यांचे होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन ज्यांनी भरविले, 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करून द्यावयास ज्यांनी नवऱ्यांना लावले, तेच हे जोशी! त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्यावर होता. पुढच्या खेपेस शेत आपल्याकडे राहणार नसेल, तर त्याची मशागत करील कोण?

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडणाऱ्या सभासदाचे पदच जाऊ शकते. त्या १८६ जणांत मनापासूनचे किती, देव जाणे! जोशी आपल्या पक्षाचे सभागृहात एकटेच. त्यांना व्हिप कोण बजावणार? त्यांचा निर्णय मला पटत नाही. पण मत त्यांचे स्वतःचे होते.

लोकसभेत ते विधेयक मतास आलेच नाही व २०१४ मध्ये बाद झाले. २०२३ साली लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी नवे विधेयक संमत केले. त्यात राखीव मतदारसंघ फिरावयाचे ठरले ते प्रत्येक पुनर्रचनेनंतर.